पूजेच्या कागदाखालची नोटीस

पाध्ये साहेब पहिल्यांदा आमच्या कारखान्यावर आले, तेव्हा ते फाटकाशी उभे राहून कंपनीची पाटी शोधत होते. पाटी होती, पण तिच्यापुढे रिकाम्या खोक्यांची चळत होती आणि ती मीच लावली होती. मी डिस्पॅचला होतो. स्टीलची भांडी पेट्यांत भरली की पेटीवर ब्रशने गावाचे आणि दुकानाचे नाव घालायचे, हे माझे काम. साहेबांनी मला विचारले, "दादा, ही कंपनी राहते कुठे?" मला वाटले ते थट्टा करतात. मी म्हणालो, "तुम्ही उभे आहात तिथेच राहते." ते हसले आणि स्वतःच खोकी उचलून बाजूला ठेवू लागले.

मागची पाटी निघाली ती इंग्रजीत. कंपनीचे नाव बाहेरून दिसले पाहिजे आणि इथल्या लोकांना वाचता येईल अशा लिपीतही असले पाहिजे, असा कायदा असल्याचे त्यांनी मोठ्या शेठना सांगितले. शेठनी रंगाऱ्याला बोलावण्याऐवजी ते काम माझ्यावरच टाकले. मी सातवी पास. चार दिवस घाबरत घाबरत मी ती पाटी रंगवली. साहेबांनी ती चष्मा काढून पाहिली, चष्मा लावून पाहिली आणि म्हणाले, "हरिभाऊ, अक्षर चांगलं आहे. आता पुढे खोकी लावू नका." मला साहेबांच्या तोंडून 'हरिभाऊ' ऐकून बरे वाटले. शेठ मला 'ए भोईर' म्हणत.

श्री. यशवंत पाध्ये यांना या वर्षी पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त गौरवग्रंथ निघतो आहे आणि जे जे त्यांच्या सहवासात आले त्यांनी एकेक पान लिहावे, असे समितीने कळवले. माझे पान लांबले आहे. शुद्धलेखन आमच्या सूनबाईंनी तपासले, मजकूर माझा आहे. समितीला हात जोडून विनंती की, जागा कमी पडली तर माझी सुरुवात कापावी. मधला भाग कापू नये. तो कापला तर हा लेख छापूच नये.

साहेब व्यवसायाने कंपनी सेक्रेटरी. गिरगावातून ते जेसल पार्कला राहायला आले आणि केबिन रोडवर एका शिंप्याच्या दुकानावर त्यांनी लहानसे ऑफिस थाटले. कंपन्यांची सरकारदरबारची कागदपत्रे वेळेवर आणि खरी राहतील हे बघायचे, असे त्यांचे काम. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमधल्या कितीतरी लहान कंपन्यांचे कागद ते पाहत. आमच्याकडे महिन्यातून दोनदा यायचे. चहा घ्यायचे तो कामगारांच्या किटलीतला, शेठच्या केबिनमधला नाही. त्याचे कारण ते सांगत, की केबिनमधला चहा पिताना शेठचे म्हणणे पटू लागते.

मी सांगणार आहे ती गोष्ट महानगरपालिका नवीनच झाली होती त्या काळातली. आमचे शेठ गुजरातेत, वापीजवळ, नवा कारखाना टाकून बसले होते. प्रेसची यंत्रे आधीच तिकडे गेली होती. इथे पॉलिश आणि पॅकिंग उरले होते. एके दिवशी साहेब कागदांचा मोठा गठ्ठा घेऊन आले आणि पानांवर आकडे घालायला मला बसवले. मी त्यांना विचारले, कारखाना तर अर्धा गेलाच, मग आता आणखी काय न्यायचे राहिले?

त्यांनी जे सांगितले ते मी अजून विसरलेलो नाही. ते म्हणाले, "हरिभाऊ, आमच्या सोसायटीत निम्मे लोक मुंबईतून आलेत. राहतात इथे आणि रेशनकार्ड अजून गिरगावात, परळात. तसं आपल्या कंपनीचं झालंय. यंत्रं तिकडे आणि कार्ड इथे. आता कार्ड हलवायचंय."

मग त्यांनी कंपन्या असे का करतात ते मला नीट समजावले. मालक तिकडे राहायला गेलेले असतात. बँक तिकडची असते. तिथले सरकार वीज, जागा, कर यांत सवलत देते आणि कंपनी तिथलीच असली तर कामे लवकर होतात. सभा, वह्या, सह्या यांसाठी दर वेळी माणूस या राज्यात धाडणे महाग पडते. ही कारणे खोटी नाहीत, असे ते म्हणाले. गावातल्या गावात ऑफिस बदलायचे तर ते एका ठरावात होते. पण कंपनी जन्मते तेव्हा तिच्या मूळ कागदात राज्याचे नाव लिहिलेले असते आणि ते बदलायला मुंबईला कंपनी लॉ बोर्डाची परवानगी लागते. मी म्हटले, एवढा खटाटोप कशाला, ज्याला जायचे त्याला जाऊ द्यावे. त्यावर साहेब लिहायचे थांबले.

"काही जण पत्ता बदलतात ते भांडणं मागे टाकायला. इथल्या माणसाला दाद मागायची तर त्याने वापीचं भाडं भरून जायचं का? म्हणून कायदा सांगतो, निघण्याआधी चारचौघांना विचारा. कुणाची हरकत असेल तर ऐका."

विचारायचे म्हणजे वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. ती साहेबांनी दिलीच. पण पॉलिशवाला माणूस इंग्रजी पेपरातली बारीक जाहिरात कधी वाचणार, असे म्हणून त्यांनी मराठीत आणि हिंदीत सोप्या भाषेत एक नोटीस स्वतः लिहिली. कंपनी पत्ता का बदलते आहे, कोणाची हरकत असल्यास एकवीस दिवसांत कोठे कळवायची, असे सगळे त्यात होते. ती फाटकाच्या आतल्या फळ्यावर एकवीस दिवस राहिली पाहिजे, असे त्यांनी मला बजावले आणि फाटली बिटली तर असू द्या म्हणून एक जादा प्रतही दिली. फळ्याची खळ माझ्या ताब्यात असे. मी नोटीस लावली. इथपर्यंत माझे चुकले नाही.

आमच्या फळ्याची रीत अशी होती की नवा कागद जुन्या कागदावर चिकटवायचा. खालचा कोणी काढत नसे, त्यामुळे फळा वर्षावर्षाने जाड होत चालला होता. सव्वीस जानेवारीला कारखान्यात सत्यनारायण असायचा. नोटीस लावून तीन दिवस झाले आणि पूजेचे निमंत्रण छापून आले, वर देवाचे रंगीत चित्र आणि खाली वेळ. मी सवयीने खळ लावली आणि बरोबर मधोमध चिकटवले. हात फिरवून सुरकुत्या काढल्या तेव्हा लक्षात आले की नोटीस खाली गेली.

मी काढायला नख लावले. पण देवाचे चित्र फाटू लागले. पूजेचा कागद आमच्याकडे कोणी फाडत नाही, तो वर्षभर तसाच राहतो. मी हात मागे घेतला. आजवर मी स्वतःला हेच सांगत आलो, की देवाच्या चित्राला कसा हात लावणार? पण जादा प्रत माझ्या खणात होती. फळ्याशेजारी भिंत मोकळी होती. खळ ओली होती. पाच मिनिटांचे काम होते.

ते मी केले नाही, कारण तेवढ्यात छोटे शेठ तिथून गेले. त्यांनी फळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "मस्त है, भोईर. ऊपर भगवान, नीचे कानून." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. वीस वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. मला कळले की त्यांना हे असेच हवे आहे. मी पन्नाशी ओलांडलेला, सातवी शिकलेला. मला दुसरीकडे कोण ठेवणार, हा एकच विचार माझ्या डोक्यात फिरू लागला. जादा प्रत मी घरी नेली आणि बंबात घातली. एकवीस दिवस मी रोज त्या फळ्यासमोरून गेलो आणि देवाच्या चित्राला नमस्कार करत गेलो.

मुदत संपली. साहेबांनी मला विचारले, नोटीस पूर्ण दिवस होती ना? मी मान हलवली. माझ्या त्या मानेवर विश्वास ठेवून त्यांनी शपथेवर लिहून दिले की नोटीस एकवीस दिवस फळ्यावर होती आणि कोणाचीही हरकत आली नाही.

पण शेठना घाई फार. बोर्डाची तारीख यायच्या आधीच वापीचा पत्ता छापलेल्या नव्या पेट्या पॅकिंगमध्ये येऊन पडल्या. पॉलिशमधल्या बबन घाडीने त्या वाचल्या. त्या दिवशी नेमके साहेब सहीसाठी आले होते. तीस-चाळीस माणसांनी त्यांना फाटकाशी अडवले. न सांगता कंपनी पळवता काय, उद्या आमचा हिशेब कोणाकडे मागायचा, असे सगळे एकदम बोलू लागले. साहेब शांतपणे म्हणाले की नोटीस एकवीस दिवस तुमच्यासमोर होती, कोणी काही बोलले नाही.

"कुठे होती, साहेब?" बबन म्हणाला. "इथे तर पूजेचं आमंत्रण आहे. आम्ही प्रसादाला आलो की, तुमच्या नोटिशीला कसे आलो नसतो?"

लोक हसले. साहेब फळ्यापाशी गेले. त्यांनी पायांतले बूट काढले, चित्राला हात जोडले आणि मग खिशातल्या चाकूने तो कागद एका कडेने हलके हलके सोडवला. चित्राला कुठेही धक्का न लावता. मला जमले नाही म्हणत होतो ते त्यांनी सगळ्यांसमोर करून दाखवले. खाली त्यांची नोटीस होती.

"देवाच्या पाठीमागे लपवलीत होय?" बबन म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "हरिभाऊ, हा कागद कुणी लावला?"

मी म्हणालो, "नोटीस मी लावली होती, साहेब. पुढचं मला काही माहीत नाही."

त्यांनी परत विचारले नाही. सोडवलेला कागद त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला आणि नीट ठेवायला सांगितले.

पुढच्या आठवड्यात बोर्डाची तारीख होती. कागदांची बॅग उचलायला साहेबांनी मलाच बरोबर नेले. मी मागच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसलो. काम इंग्रजीत चालले होते, मला काही कळत नव्हते. सरळ चालू राहिले असते तर त्याच दिवशी परवानगी मिळाली असती, हरकत घेणारे कोणीच नव्हते. पण साहेब उभे राहिले आणि त्यांनी एक नवा कागद पुढे केला. बरेच बोलले. त्यातले "माय मिस्टेक, सर" एवढे मला समजले. पुढे बसलेल्या अधिकाऱ्यांनी काही विचारले. शेजारच्या एका कारकुनाला मी हळूच विचारले, काय म्हणतात? तो म्हणाला, "नोटीस लावायला कोणाला सांगितलं होतं, ते विचारतायत." मी मांडीवरची बॅग तोंडापुढे धरली. साहेबांनी मागे वळून पाहिले नाही. कारकून ऐकत होता, तो मला म्हणाला, "तुमचे साहेब म्हणतायत, नाव महत्त्वाचं नाही, स्वतः जाऊन न बघता शपथ घेतली ही माझीच चूक."

तारीख पुढे गेली. नोटीस नव्याने निघाली. या वेळी साहेबांनी ती स्वतः लावली आणि घरी जाताना रोज संध्याकाळी फाटकाशी थांबून, पाळी सुटली की मोठ्याने वाचून दाखवली, आधी मराठीत, मग हिंदीत. लोकांनी हरकत घेतली. शेवटी पत्ता वापीला गेला, पण जाण्याआधी शेठना बोर्डासमोर लिहून द्यावे लागले की, या बदलामुळे इथल्या एकाही माणसाला काढणार नाही आणि जो वापीला येईल त्याची जुनी नोकरी धरली जाईल. बबन घाडी आणि आणखी पुष्कळ जण त्या एका कागदामुळे निवृत्त होईपर्यंत कामावर राहिले. मीही राहिलो.

साहेब मात्र राहिले नाहीत. शेठनी त्यांचे काम त्याच महिन्यात काढून घेतले. आसपासच्या गाळेवाल्यांत बातमी पसरली. एक जण माझ्यासमोरच दुसऱ्याला म्हणाला, "जो अपना ही गुनाह बोल देता है, वो हमारा क्या छुपाएगा?" एकेकाने आपले कागद दुसरीकडे नेले. आणि कामगारांत उलटीच बातमी. पाध्येंनी शेठशी संगनमत करून नोटीस दाबली, पकडले गेले म्हणून कबूल केले. त्यांना 'नोटीसवाले' हे नाव पडले. ते केबिन रोडवरून भाजीची पिशवी घेऊन जात तेव्हा आमच्यातले काही जण एकमेकांना कोपराने ढोसत. साहेबांना ते दिसत असे. मीही त्या घोळक्यात उभा असे.

मी निवृत्त झाल्यावर घरी बसून जीव घाबरा व्हायचा. साहेबांना कळले तेव्हा त्यांनी मला निरोप धाडला, की ऑफिसात कागद लावायला माणूस हवा आहे. तेव्हा त्यांच्याकडे कागदच फारसे उरले नव्हते, हे मला तिथे गेल्यावर कळले. तिथे मी तीन वर्षे होतो. कसल्याही कागदावर माझी सही हवी असली, साधी टपालाची पोच असली तरी, ते मला आधी पूर्ण वाचायला लावत. मी अडलो की थांबत, शब्द सांगत नसत. म्हणत, "तुम्हाला येतोय, घाई करू नका." शाळेतल्या गुरुजींनी मला एवढा वेळ दिला नव्हता.

माझा मेहुणा वारला तेव्हा साहेब किनाऱ्यावरच्या पाली गावी आले होते. बसमधून उतरून, त्या बोळांतून विचारत विचारत, सत्तरी उलटलेला माणूस. मासळी वाळत घातली होती तिथेच बायकामंडळी बसली होती, खुर्ची नव्हती. साहेब जमिनीवर बसले, तासभर. ते गेल्यावर माझी पत्नी मला आत घेऊन गेली. तिला मी हे सगळे पूर्वी सांगून टाकले होते. ती म्हणाली, "तो मानूस भुईवर येऊन बसला. त्याच्यासाठी तुमच्या तोंडात एक शबुद न्हाय? मंग पूजा कशाला घालता?"

मी त्या दिवशी तिला सांगितले की उद्या बोलतो. बोललो नाही. साहेबांसमोर अनेकदा तोंड उघडले आणि पाणी मागितले.

आता शेवटचे. या ग्रंथाची पहिली सभा वाचनालयाच्या खोलीत झाली. मीही गेलो होतो. बबन घाडी समितीवर आहेत, त्यांच्या मनात खोट नाही, हे मी आधीच लिहितो. ते म्हणाले, "पाध्ये साहेबांचा सत्कार झालाच पाहिजे. माणूस चांगलाच, ती नोटीस सोडून." कोणीतरी पुटपुटले, "ते झालंच." आणि सभा पुढच्या विषयावर गेली. हाराचा आणि मंडपाचा खर्च निघाला. मी तिसऱ्या खुर्चीवर बसलो होतो. मला फक्त हात वर करायचा होता. मी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसलो आणि सभा संपल्यावर सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो. घरी आल्यावर मला स्वतःची किळस आली. फळ्यासमोर मी घाबरलो होतो, बोर्डात घाबरलो होतो, तेव्हा निदान नोकरीची भीती होती. आता मला कोण काढणार होते?

म्हणून लिहितो. बबनभाऊ, पूजेचा कागद मी लावला होता. चुकून लावला आणि जाणूनबुजून राहू दिला. जादा प्रत मी जाळली. फाटकाशी मी खोटे बोललो. साहेबांनी काहीही दाबले नव्हते. उलट तुमच्या-माझ्या नोकऱ्या ज्या कागदाने वाचल्या, तो कागद त्यांनी स्वतःच्या नावाला बट्टा लावून मिळवला. हे माझ्या तोंडून सभेत निघाले नाही, याची मला लाज वाटते. छापील कागदाला तरी घाम फुटत नाही, म्हणून इथे लिहिले.

कोणी म्हणेल, साहेबांना हे पहिल्यापासून माहीत असणार. असेलही. ज्या पद्धतीने त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला, त्यावरून मला तसेच वाटते. पण त्यांना माहीत असणे वेगळे आणि तुम्हा सर्वांना माहीत असणे वेगळे. पहिल्यात त्यांचा मोठेपणा आहे. दुसरे मी त्यांना देणे लागत होतो, ते सहा वर्षे थकले.

हा लेख मी त्यांना दाखवलेला नाही. समारंभाच्या दिवशी ग्रंथ त्यांच्या हातात जाईल तेव्हाच ते वाचतील. ते रागावतील असे मला भय आहे, कारण ज्याचे नाव त्यांनी बोर्डासमोर घेतले नाही, त्याचे नाव मी इथे छापून टाकले. रागावले तर मी समोर उभा राहीन, या वेळी मागच्या बाकावर बसणार नाही. आजवर ते मला एकदाही रागाने बोललेले नाहीत. तेवढे एकदा त्यांनी बोलावे. ऑफिसचा जिना चढताना हल्ली त्यांना मध्ये थांबावे लागते, आवाज मात्र अजून खणखणीत आहे. तो आवाज, त्यांची दृष्टी आणि त्यांचे पाय परमेश्वराने शंभरीच्या पुढपर्यंत शाबूत ठेवावेत. केबिन रोडवरून ते भाजीची पिशवी घेऊन निघाले की आपण सर्वांनी थांबून त्यांना नमस्कार करावा, आणि त्यांना तो घेत घेत जायला रोज उशीर व्हावा.